पसंती क्रमांक एक

उलवे
८ मार्च २०२५

रूपाबाय,

आधी कबूल करून टाकतो. हे पत्र मी पंधरा दिवस टाळलं. वही होती, पेन होतं, सवडपण होती. लिहायला बसलो की पहिल्या ओळीलाच डोकं तापायचं आणि मी उठून कुठेतरी जायचो. एकदा असाच उठलो तो द्रोणागिरीला गेलो आणि तिथे गोदामात नऊ दिवस खोकी उचलली. खोक्यांवर चिनी लिहिलेलं. आत काय आहे ते मुकादमालापण माहीत नाही. शेवटी एक फुटलं, तर आत नुसते कपडे अडकवायचे हँगर. एवढा समुद्र ओलांडून हँगर! पण ते जाऊ दे.

फोन का नाही केला विचारशील. फोन गव्हाणच्या खाडीत आहे. एक काका चिंबोरी पकडत होते, बघायला वाकलो, खिशातून गेला. चिंबोरी मात्र मिळाली. आणि तुझा फोन असतो दाजींच्या खिशात. त्यावर बोलायचं म्हणजे स्पीकर लावून अख्ख्या भट्टीला ऐकवायचं. त्यापेक्षा कल्पेश बरा. दर चार दिवसांनी तुमच्या भट्टीवरून विटा भरून तो इथे उलव्याला बिल्डिंगवर येतो. त्या विटा सध्या मीच उतरवतो. पत्र त्याच्या हातात देतोय. तुझं उत्तर त्याच्याकडेच दे.

पिशवी माझ्याजवळ आहे, हे वाच आणि श्वास सोड. दिवाळी झाल्यावर तुम्हाला न्यायला ट्रक आला तेव्हा दिलीस ती. सोमीचा जन्माचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, चार फोटो. म्हणालीस, आम्ही पावसापर्यंत मुरबाडच्या भट्टीवर, फॉर्म निघणार मार्चमध्ये, सोमीला पहिलीत बोर्डिंगला घालायचं काम तुझं. एका फोटोत ती रडतेय, पण मॅडम म्हणाल्या चालेल.

मॅडम म्हणजे रुचिरा मॅडम. पनवेलला एसटी स्टँडच्या मागे एका संस्थेची खोली आहे, तिथे बसतात. आपल्यासारख्यांचे फॉर्म भरून सरकारी ऑफिसात पोचवतात. आपल्या आदिवासी पोरांची फी सरकार भरतं, अगदी मोठ्या इंग्रजी शाळेचीपण. आपण तीन शाळा लिहायच्या, पसंती एक, दोन, तीन. बहुतेकांना पहिलीच मिळते. मी विचारलं, "तुम्ही बघितल्यात का या शाळा?" तर म्हणतात, "वेबसाइट आहे ना." मला असा राग आला! वांगी घेतानासुद्धा माणूस दाबून बघतो. पोर द्यायचं तर वेबसाइट?

म्हणून मी बघायला गेलो. तुझ्या मनातली ती घाटावरची इंग्रजी शाळा. एसटीनं पाच तास. (मध्ये एका गावची जत्रा लागली, तिथे एक दिवस उतरलो, ते सोडून दे.) गेटवर वॉचमन म्हणाला, "पार्सल तिकडे ठेव." म्हटलं, मी पार्सलवाला नाही, मामा आहे. म्हणाला, "मामा असो नाहीतर काका, भेट महिन्यातून एकदा. आज नाही."

मग मी माझ्या पद्धतीनं बघितली. बोर्डिंगची पारख करायची तर इमारतीकडे बघायचं नाही, कुंपणाला फेरी मारायची. पोरं पळतात ते भगदाड शोधायचं. ते केवढं आहे, कडा किती गुळगुळीत झाल्यात, त्यावरून आतलं सगळं कळतं. या शाळेला भगदाडच नाही! अख्खी भिंत आणि वर काचा. पळावंसं वाटलं तर पोरानं जावं कुठून?

मागच्या बाजूला जाळीचं दार होतं. आत एक पोरगा बसलेला, आठेक वर्षांचा. आपल्यातला, तोंडावरून कळतं. आपल्या बोलीत विचारलं, कुठल्या वाडीचा रे? तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी जणू भुंकलो. मग हळूच म्हणतो, "हिंदी में बोलो. घर का बोला तो पॉइंट कटता है."

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सहा महिन्यांनी सोमी तुला काहीतरी सांगायला तोंड उघडेल आणि आधी इकडेतिकडे बघेल, कोणी ऐकतंय का. तुला हे इंग्रजीचं वेड लागलं कुठून? नवीन पनवेलला रमाबाईंकडे भांडी घासायचीस, त्यांचा राजस बोर्डिंगला गेला म्हणून? त्यांच्यासारखी ट्रंक पाहिजे तुला, नाव रंगवलेली?

फॉर्म सोबत पाठवतोय. पेन्सिलची फुली आहे तिथे सही कर. पसंतीचे रकाने कोरे ठेव, शाळांचे नंबर मॅडमच्या यादीत आहेत, त्यांच्यासमोर बसून मी भरीन. शेवटची तारीख २८ मार्च.

गोरख

भट्टी
१३ मार्च

गोरख,

आशीर्वाद खाली लिवीन, उरला तर. आधी शिव्या खा.

तुला फॉर्म भराया सांगितला आणि तू जत्रा फिरतो. खाडीत फोन टाकतो. हँगर मोजतो. आणि वरनं मलाच विचारतो वेड कुठून लागलं? तुला कोणी शाळा बघाया पाठवला होता? तू काय सरकारचा साहेब हायस?

रमाबाईचं नाव काढू नको. राजसच्या ट्रंकेवर नाव रंगवलं ते मी बघितलं हाय, रंग सांडला तो मीच पुसला. तो गेल्यावर त्या म्हयनाभर रडत होत्या आणि मी भांडी घासता घासता मनात बोलत होते, बाई, तुमचं पोर गादीवर झोपाया गेलंय, रडताय कशाला. मला ट्रंक नको. पोरीला पिशवीत घालून ने, पण ने.

तू भट्टीवर पाय ठेवणार नाय म्हणून शपथ घेऊन बसलायस, म्हणून तुला इथलं सांगते. ओल्या विटा उन्हात पालटाया लागतात. मोठ्या माणसाचा पाय पडला का वीट बसते, म्हणून हलकी पोरं लावतात. सोमी विटांच्या रांगांमधनं मांजरीवानी जाते, एक वीट मोडत नाय. तिला तो खेळ वाटतो. परवा सेठ माज्याजवळ येऊन बोलला, "रूपा, पोरीचा हात लय हलका हाय गं." असं बोलला जसं काय पोरीचं कवतिक केलं. फावडं माज्या हातातच होतं. देवानं आवरलं मला.

तिच्या बोटांची नखं गेलीत. पॉइंट गेले तर जाऊ दे तिथं.

सोमीचा बा शाळेला नाय म्हणत नाय, ते पण ऐक. तो बोलतो, आपली डोंगराखालची आश्रमशाळा हाय ना, जवळ. पावसात सोडू, दिवाळी झाली का भट्टीवर येताना घेऊन येऊ, मास्तरला सांगू आजारी हाय. त्याच्या मनात वाईट नाय. त्याचं पण असंच झालं, तुजं पण, सगळ्यांचं. पण मला ती जवळची नको. पहिल्या नंबरावर घाटावरची लिव. दुसऱ्या तिसऱ्यावर काय लिवायचं ते लिव.

सही केली हाय. आधी मातीत तीनदा लिवून बघितली, मंग कागदावर. फॉर्मचं सोमीच्या बाला ठावं नाय. त्याच्या कानावर गेलं का तो जवळचीच लिवाया लावील.

तू जेवतोस ना वेळेवर. हाच आशीर्वाद.

रूपा

पनवेल
१७ मार्च

रूपाबाय,

तुझ्या शिव्या पोचल्या. आता माझ्या घे, खूप दिवस साठवून ठेवल्यात.

काल रविवार होता. आश्रमशाळेत गेलो. आपल्याच, डोंगराखालच्या. फाट्यावर रिक्षा सोडली आणि पुढे चालत गेलो, कारण रिक्षावाला सगळा रस्ता मला जमिनीचे भाव सांगत होता. इकडे विमानतळ, तिकडे हायवे, गुंठ्याला एवढे आणि तेवढे. म्हटलं, दादा, माझ्याकडे गुंठा नाही, मी गुंठ्यावरून नुसता चालतो. तो हसला, मला मात्र हसू आलं नाही.

शाळा बदलली आहे, खोटं कशाला बोलू. पत्रे नवीन. मुलींच्या खोल्यांना खिडक्यांना जाळ्या. हेडमास्तर नवे आहेत, विश्वजीत सर, वयानं माझ्याहून पाचसहा वर्षांनीच मोठे. मला चहा दिला. मी त्यांना न विचारता कुंपणाजवळच्या टाकीमागे गेलो. भगदाड आहे! जागा तीच, कडा तशाच गुळगुळीत. मी हात फिरवून बघितला. सर मागून आले आणि म्हणाले, "बुजवतो. पोरं आठ दिवसांत पुन्हा उकरतात." मी म्हटलं, बुजवू नका. ते म्हणाले, "तू इथलाच का?"

मग मी गेटवर जाऊन बसलो. रविवारी आया येतात ना. डबे घेऊन, भाकरी, बोरं, कोणाच्या हातात कोंबडीची वाटी. पोरं गेटच्या सळ्यांना लटकलेली असतात.

तुला आठवतं का तू मला तिथे सोडलंस ते? आई जाऊन चार महिने झाले होते. मी आठ वर्षांचा, तू तेरा. माझ्या चड्डीचं बटण तू तिथेच गेटवर उभी राहून शिवलंस आणि दोरा दातानं तोडलास. म्हणालीस, रविवारी येते. मी काही रडलो नाही. रविवारी येणार होतीस ना!

सात रविवार, बाय. मी सातही रविवार त्या गेटवर बसलो. सहा रविवार पोरं मला म्हणायची, येईल रे, ट्रक मिळाला नसेल. सातव्या रविवारी कुणाच्या तरी आईनं मला जवळ बोलावून भाकरीवर सुकट घालून दिली. तिनं नाव विचारलं नाही, वाडी विचारली नाही, नुसतं वाढलं. तेव्हा मला कळलं की माझं कोणी येणार नाही हे सगळ्यांना कळलेलं आहे, एक मीच राहिलो होतो. ती सुकट मी खाल्ली. अजून मला सुकट चालत नाही.

त्या रात्री मी टाकीमागून गेलो.

हे मी तुला कधी बोललो नाही. बोलायचं नव्हतंच. पण तू लिहिलंस "पोरीला पिशवीत घालून ने, पण ने" आणि माझं सगळं वर आलं. पोर लांब टाकायचं एवढंच तुला येतं का? पाच तास लांब, महिन्यातून एक भेट, तीपण तू भट्टीवर असताना कोण जाणार? तिच्या सुकटीला कोण येणार?

म्हणून मी केलं ते सांगतो. आज सकाळी रुचिरा मॅडमसमोर बसून फॉर्म भरला. पसंती क्रमांक एक, आश्रमशाळा. दोन, तालुक्याच्या पलीकडची एक. तीन, घाटावरची. मॅडमनी पेन थांबवलं. म्हणाल्या, "गोरख, आईशी बोललास ना? घाटावरची फर्स्ट म्हणाला होतास." मी म्हटलं, बोललो. "नक्की?" म्हटलं, नक्की. फॉर्म गेला. पोचपावती पिशवीत आहे.

दर रविवारी मी जाईन. एकही चुकवणार नाही. लिहून देतो.

राग आला तर येऊ दे. मला चौदा वर्षं आलेला आहे.

गोरख

भट्टी
२१ मार्च

गोरख,

तुजं पत्र मी पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून वाचलं. वाचून झाल्यावर खाली बसले. सोमीचा बा बोलला काय झालं, मी बोलले चक्कर आली.

तू माज्या सहीवर खोटं लिवलंस. माज्या सहीवर! जन्मात पहिल्यांदा कुठल्या कागदावर अंगठा नाय दिला, नाव लिवलं, आणि त्याच्याखाली तू तुजं रडगाणं भरलंस. चोर हायस तू. परक्यानं केलं असतं तर मी समजले असते.

आता उत्तर घे.

मी आले नाय. बरोबर हाय तुजं. तुला शुक्रवारी सोडलं, शनवारी भट्टीचा ट्रक आला. मला वाटलेलं पुढच्या हप्त्यात येईल. आपला बा बोलला बस, मी बसले. मी बोलले गोरखला रविवार सांगितलाय, तर बा बोलला त्याला जेवाण मिळतंय, तुला मिळतंय का. तेरा वर्षांची होते रे मी. तुज्या गेटवर मी आले नाय, पण इथं रोज संध्याकाळी वार मोजत होते. रविवार आला का मला जेवण जात नव्हतं. हे तुला सांगून काय उपेग. तू गेटवर बसलास ते बसलासच.

पण तू जे विसरलास ते मी सांगते.

तू चार दिवस चालत आलास. विटांचे ट्रक पनवेलला कुठल्या रस्त्यानं येतात ते तुला ठावं होतं, त्यांच्या उलट्या अंगानं चालत आलास. पायाला चिंध्या बांधलेल्या. मी लांबनं बघितला आणि पळत आले. मी हसत होते, गोरख. मला एवढा आनंद झाला का मी तुज्या तोंडात भाकर कोंबली. बा पण ओरडला नाय. रातीला तू माज्या कुशीत झोपलास. आणि सकाळी उजाडायच्या आत बानं तुला उठवून विटा पालटाया लावलं. दोन वर्षं. नंतर शाळेत गेलास, पण अर्धा इकडं अर्धा तिकडं, असं करत सातवी. तवापासनं तुजे पाय थांबलेच नाय कुठं.

तू सगळ्यांना सांगतोस, शाळा वाईट होती म्हणून मी पळालो. शाळेतनं नाय पळालास तू. आमच्याकडं पळालास. शाळा वाईट नव्हती, आमी जवळ होतो. तेवढंच वाईट झालं.

मला सोमी आवडत नाय म्हणून लांब टाकते असं वाटतं तुला? ती रातीला माजं बोट धरून झोपते. तिला माज्यापर्यंत येता यायला नको. तिला रस्ताच सापडायला नको. म्हणून मला पाच तास पायजेत. म्हणून मला काचावाली भिंत पायजे. रडू दे तिला. मला शिव्या देऊ दे, तुज्यासारखी चौदा वर्षं देऊ दे. पण त्या शिव्या तिनं कुठंतरी खुर्चीवर बसून द्याव्यात.

आणि तू रविवारी जाशील? तू? तुजा रविवार कुठं असतो ते तुला तरी ठावं असतं का? यंदा दर रविवारी, आणि पुढच्या वर्षी एक जत्रा लागली का?

फॉर्म बदल. कसा ते मला विचारू नको, पाय धर त्या मॅडमचे. नाय जमलं तर मी येते. चालत येते, तू आलास तशी. आता तुज्यावर भरवसा नाय.

रूपा

उलवे
२८ मार्च, सकाळ

रूपाबाय,

तुझं पत्र परवा संध्याकाळी मिळालं. कल्पेशच्या ट्रकचा पाटा तुटला होता, चार दिवस रस्त्यात पडून होता. पत्र दिलं आणि मी वाचायच्या आत तो दुसरीकडे निघूनपण गेला, त्यामुळे परवा उत्तर देता आलं नाही. पत्र मी तीनदा वाचलं. मग विटांच्या ढिगाला लाथ घातली. अंगठा सुजलाय. असू दे.

काल दार उघडायच्या आधी मी मॅडमच्या खोलीबाहेर होतो. सगळं सांगितलं. त्यांनी आधी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "बदलता येतं. नवीन फॉर्म द्यायचा. पण तक्रारी होतात म्हणून आता आई किंवा वडील समोर लागतात. उद्या संध्याकाळी पाचच्या आत."

"मामा नाही चालत?"

"मामानेच घोळ घातलाय ना!"

मी खुर्चीला लाथ मारली. (तोच अंगठा.) म्हणाल्या, "खुर्ची सरळ कर आणि पाणी पी. मी ओरडत नाहीये तर तूपण ओरडू नकोस." मी खुर्ची सरळ केली. बाय, मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी पाया पडलो, आणि त्या पाय मागे घेत म्हणाल्या, "असलं काही करू नकोस, प्लीज. नियम माझा नाहीये."

मग मी आणखी एक मूर्खपणा केला. बाहेर स्टँडजवळ म्हातारी कमळाबाई बसते ना, रानभाजी विकणारी, आपल्या वाडीच्या वरच्या अंगाची. तिला सगळं सांगितलं. ती टोपली झाकून उठलीच. "चल, मी व्हते आई. अंगठा द्यायचा ना नुसता? धा दीन, पायांचे पण दीन." तिला घेऊन आत गेलो. मॅडमनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कमळाबाई, परवाचा शेवग्याच्या फुलांचा वाटा मस्त होता. तुम्हाला सहा वर्षांची मुलगी आहे?" कमळाबाई अजिबात डगमगली नाही. "देवाची करणी," म्हणाली. मॅडम हसल्या आणि मग एकदम त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "गोरख, खऱ्या आईला आण. मी उद्या पाचपर्यंत हलत नाही."

कुठून आणू? शेजारच्याचा फोन घेऊन दाजींचा नंबर सतरा वेळा लावला. बंद. एसटीनं यावं म्हटलं तर कल्याणपर्यंत गेलोसुद्धा आणि तिथे स्टँडवर उभा राहून मला आठवलं की तुमची भट्टी मुरबाडच्या पुढे कुठल्या फाट्याला आहे ते मला ठाऊकच नाही. आठ वर्षांचा होतो तेव्हा ठाऊक होतं. आता शपथेच्या नावाखाली मी कधी कोणाला विचारलंच नाही. तुमच्या विटा रोज उतरवतो आणि त्या येतात कुठून ते मला माहीत नाही. परत आलो.

माझ्या मनात आता नुसता राग आहे, आणि तो तुझ्यावर नाही. तुझ्यावर असता तर सोपं होतं.

एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नव्हती, ती आज लिहितो. घाटावरच्या त्या पोराचं. तो जाळीच्या दारामागे पुस्तक वाचत बसला होता. पायात बूट. गाल वर आलेले. पॉइंटचं बोलून झाल्यावर मी तिथेच उभा राहिलो, काय करावं कळेना. तर तो मला म्हणाला, बाजूला हो, उजेड अडतोय. हे मात्र आपल्या बोलीत म्हणाला, पॉइंटची पर्वा न करता. आणि पान उलटलं. मला तेव्हा काय वाटलं ते सांगू? त्याचा हेवा वाटला. म्हणून मी ते तुला कळू दिलं नाही. चोर म्हणालीस ना, बरोबर म्हणालीस.

आज शेवटचा दिवस. कल्पेश आता येईल, त्याच्याकडे हे पत्र देतो. तू चालत निघालीस तरी पाचच्या आत पनवेलला पोचत नाहीस, आणि हे वाचशील तेव्हा पाच वाजून गेलेले असतील. मी काही माफी मागत नाही. माफी मागून तारीख पुढे जात नाही. पुढच्या वर्षी सोमी

ट्रक आला. थांब. कल्पेशच्या बाजूला कोणीतरी बसलंय.

बाय, दाजी आलेत!

घाईत लिहितोय. दाजी उतरले ते सरळ माझी कॉलरच धरली, सगळ्या बिगाऱ्यांसमोर. "पहिला नंबर जवळचा कोनी लिवला?" म्हटलं, मी. एक ठेवून दिली. कान अजून वाजतोय. मी म्हटलं, दाजी, तुम्हालाच तर जवळची पाहिजे होती ना? तर हात तसाच वर राहिला आणि मग खाली आला. म्हणाले, "परवा सेठनं सोमीला विटा पाडायचा साचा करून दिला. लाकडाचा, धाकटा. तिच्या हाताच्या मापाचा." बाकीचं कल्पेशनं सांगितलं, की काल तू सगळं त्यांच्या तोंडावर सांगून पोरीला घेऊन चालत निघाली होतीस आणि दाजी फाट्यापर्यंत मागे आले, तुला माघारी पाठवलं आणि रात्रभर तिथेच ट्रकची वाट बघत बसले.

साडेनऊ झालेत. दाजींनी रिक्षा थांबवली आहे आणि रस्त्यावरून ओरडतायत, "लिवत काय बसलास भाड्या, चल!"